अर्ध्या तासाचा माणूस

आईबापांनी त्याचं नाव काय ठेवलं होतं ते बहुधा रेशनकार्डालाच माहीत असेल. एसी बसवणाऱ्यांच्या धंद्यात त्याला सगळे 'अर्धातास' म्हणत. दुकानाचा मालक फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचा, "अर्धातासला पाठवतो," आणि पलीकडच्याला वाटायचं, माणूस अर्ध्या तासात दारात उभा राहणार. यावरून दोन-चार वेळा चांगली खडाजंगीही झाली, पण नाव काही सुटलं नाही.

त्याचं काम शेवटच्या टप्प्याचं. भिंतीत ब्रॅकेट ठोकणं, आतला डबा टांगणं, बाहेरचा जड डबा गॅलरीत चढवणं, भोक पाडून तांब्याच्या नळ्या ओढणं, हे सगळं दोन दणकट गडी सकाळीच उरकून जायचे. त्यांच्या मागून हा यायचा. नळ्यांची तोंडं फुलवून नट आवळायचे. पंप लावून नळ्यांतली सगळी हवा ओढून काढायची. मग पंप बंद करून दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागचा हलत नाही ना, ते बघायचं. काटा स्थिर राहिला की बाहेरच्या डब्यात कोंडलेला गॅस सोडायचा, ड्रेनमधून पाणी जातं का पाहायचं, भिंतीचं भोक लिंपायचं, मशीन चालवून दाखवायचं आणि रिमोट घरच्यांच्या हातात द्यायचा.

यातलं हवा ओढायचं काम बाकीचे दोन मिनिटांत करत. जरासा गॅस सोडायचा, तो हवेला बाहेर हुसकावून देतो, झालं. हा मात्र पंप लावून पुरा अर्धा तास बसून राहायचा. गिऱ्हाईक कितीही घाई करो, मालक कितीही चडफडो, एकोणतीस मिनिटांनी पंप काढला असं कधी झालं नाही. नाव पडलं ते त्यावरून.

त्याच्या या हट्टाला एक कारण होतं. अगदी सुरुवातीला तो एका वस्तादाच्या हाताखाली होता. वस्तादाकडे पंप नव्हता आणि असावा असं त्याला वाटतही नव्हतं. तेव्हा दोघांनी एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे एसी बसवला होता. पोस्टमास्तरांची बायको अंथरुणाला खिळलेली, तिच्यासाठी. पहिला उन्हाळा मजेत गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात मशीन बंद पडलं. नळीत हवा राहिली की तिच्याबरोबर ओल राहते, आणि ती ओल मशीनला आतून खाते. वस्तादाने याला एकट्यालाच बघायला पाठवलं. हा गेला तेव्हा पोस्टमास्तर वर्तमानपत्राची घडी करून बायकोला वारा घालत बसले होते. याला पाहून ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही बसवलंत तेव्हा किती छान गार झालं होतं हो!"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्या एका वाक्याने त्याची झोप उडाली. महिन्याभरात त्याने वस्तादाला रामराम ठोकला आणि एक जुना पंप विकत घेतला. तान्ह्या रेड्याएवढा जड आणि आवाजाने तेवढाच दांडगा. तो पाठीवर बांधून तो चार-चार मजले चढायचा.

पुढची तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत अर्धा-अर्धा तास बसून काढली. आणि त्या अर्ध्या तासांत लोक त्याच्याशी बोलत. का बोलतात हे त्याला फार उशिरा कळलं. पंपाची घरघर एवढी असायची की शेजारच्या खोलीतल्या माणसाला काही ऐकू येत नसे. मन मोकळं करायला याहून चांगली जागा कुठली? एका वकीलबाईंनी त्याला सांगितलं होतं की नवरा गावाला गेला की त्याचं घोरणं ऐकू येत नाही म्हणून त्यांना झोप लागत नाही. "पण त्यांना सांगू नका हं, फुशारतील." एका कडक हेडमास्तरांनी मुलीच्या फोटोकडे बोट दाखवून नुसतं म्हटलं होतं, "मीच चुकलो." एका घरातला पोपट तर अर्ध्या तासात पंपाचा आवाज काढायला शिकला होता. पंप पिशवीत भरून हा खाली उतरला तरी मालकीणबाई वरून ओरडत होत्या, "अहो, तुमचं मशीन चालूच राहिलं!" निदान तो तरी असं सांगतो.

स्वतःचा अर्धा तास त्याला मिळाला तो तिशीच्या उंबरठ्यावर, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर.

त्या इमारतीतला तो पहिला एसी होता. घर एका बँकेतल्या साहेबांचं. त्यांची बायको दिवसभर घरात राबायची आणि राबवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीनवर एक मुलगी बसलेली. ही त्या बाईंची भाची. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हापासून मावशीनेच वाढवलेली. गळ्यात मोजायची टेप, ओठांत दोन टाचण्या. त्याने पंप सुरू केला तशी तिने टाचण्या काढल्या.

"हे केव्हा थांबणार?"

"अर्ध्या तासाने."

"आणि हे करतंय काय?"

"नळीतली हवा ओढून घेतंय."

"मग आत काय उरणार?"

"काहीच नाही."

"अरे वा! म्हणजे अर्धा तास एवढा गोंगाट करायचा आणि शेवटी काहीच उरायचं नाही!"

कामावर असताना तो हसला असा तो पहिलाच प्रसंग. पंचवीस मिनिटं झाली असतील. तेवढ्यात ती उठली, भिंतीवरचा पंपाचा प्लग ओढून काढला आणि त्या जागी इस्त्रीचा लावला. खोलीत दुसरा प्लगच नव्हता. पंप थांबला, हवा सुसाट आत शिरली, काटा पहिल्या जागी. त्याने कपाळावर हात मारला.

"अगंबाई, चुकलंच माझं," ती म्हणाली. तोंड असं केलं होतं की दगडालाही दया यावी.

पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास. या खेपेला तिने मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं आणि सरळ गप्पाच मारल्या. त्यानंतर पंधरा दिवसांत तो 'ड्रेनचं पाणी नीट जातंय ना' हे बघायला तीनदा तिथे गेला. तिसऱ्यांदा मावशीने दारातच विचारलं, "या नळीला काय रोज औषध पाजावं लागतं?"

तो प्लग तिने मुद्दाम काढला होता, हे त्याला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं, तेही भांडणात. भांडण दुसऱ्याच कशावरून तरी होतं. ती फणकारली, "कुठून बुद्धी झाली आणि तो प्लग काढला मी!" आणि तो भांडायचंच विसरला.

मावशीला मात्र हे लग्न पसंत नव्हतं. तिने भाचीसाठी बँकेतलाच एक मुलगा हेरून ठेवला होता. खूप आकांडतांडव झालं. शेवटी मावशी म्हणाली, "पिशवीत पाने-पकडी घेऊन हिंडणाऱ्याबरोबर जायचंय ना? जा. पण हा जिना उतरलीस की पुन्हा चढायचा नाही." ती उतरली, आणि पुन्हा चढली नाही. काही वर्षांनी मावशी आणि काका घर विकून मुलाकडे दूर निघून गेले. मावशी वारल्याचं कळलं तेही फोनवरून, आठवडा उलटून गेल्यावर. त्या दिवशी तिने दिवसभर मशीन चालवलं आणि एकही कपडा पुरा केला नाही. तिने विषय काढला नाही, म्हणून त्यानेही काढला नाही.

आता तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. पंप पूर्वीच्या मानाने खेळण्यासारखा हलका झाला होता, पत्ते फोनवर येऊ लागले होते. परवा असाच एक पत्ता आला. रस्त्याचं नाव बदललेलं, इमारतीला नवा रंग, म्हणून त्याच्या लक्षात आलं नाही. पण तिसऱ्या मजल्याची शेवटची पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा दोन बोटं उंच होती. तिथे त्याला ठेच लागली आणि पायाने ती जागा ओळखली. पहिल्यांदा आला तेव्हा पंप पाठीवर घेऊन तो इथेच धडपडला होता. त्याने मान वर केली. दार तेच होतं.

दार उघडलं ते एका तरुण बाईने. केस वर बांधलेले, हातात फडकं. "काका, लवकर होईल ना? चार वाजता सासरे येतायत दवाखान्यातून. पाठीचं ऑपरेशन झालंय. टाके ओले आहेत, घाम येऊ देऊ नका म्हणालेत डॉक्टर."

"होईल ताई. चारच्या आत होईल."

स्वयंपाकघराची भिंत पाडून घर मोठं केलं होतं. सगळीकडे पांढऱ्या फरश्या. पण खिडकी तिथेच होती, आणि आतला डबा टांगला होता तोही त्याच भिंतीवर. जिथे शिलाई मशीन असायचं तिथे आता पलंग होता, नवी चादर घातलेला. गॅलरीत बसून तो नळी कापत होता, तोंड फुलवत होता, आणि डोळे राहून राहून आत जात होते.

पंप लावला. अर्धा तास झाला. गेजचा खटका बंद करून त्याने घड्याळ लावलं. पाच मिनिटांत काटा हलला. त्याला वाटलं आपल्याला भास होतोय. चष्मा पुसून पाहिलं. काटा हळूहळू, अगदी लाजत लाजत, पण वर चढत होता.

त्याने नट उघडला. नळीच्या फुलवलेल्या तोंडाला केसाएवढी चीर होती. कापल्यावर आतली किनार साफ करायची राहिली होती. जे काम त्याचे हात डोळे मिटूनही करत, ते आज हातांनी केलंच नव्हतं.

"झालं का काका?" ती आतून आली.

"नाही ताई. परत करावं लागेल. अजून पाऊण तास धरा."

तिचा चेहरा तापला. "पाऊण तास? दुकानातून मला तासाभरात होईल म्हणाले होते. मशीनच खराब दिलंय का तुम्ही?"

"मशीन चांगलं आहे. चूक माझी झाली. माझं लक्ष नव्हतं."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. चूक माझी झाली, असं घरी आलेल्या कुठल्याच कारागिराने तिला आजवर सांगितलं नसावं. त्याने नवं तोंड फुलवलं, बोटाने किनार चाचपली, दोनदा चाचपली, नट आवळला आणि पंप सुरू केला. ती पलंगाच्या कडेला टेकली.

"लक्ष कुठे होतं तुमचं?" तिने विचारलं. आता आवाजात राग नव्हता.

तीस वर्षं त्याने लोकांचं ऐकून घेतलं होतं. स्वतःचं सांगायची त्याला सवय नव्हती. पण पंपाची घरघर चालू होती. त्याने सांगितलं. टाचण्या, प्लग, इस्त्री, मावशी, सगळं. प्लगपाशी ती खळखळून हसली. मग म्हणाली, "शिलाई मशीन नेमकं कुठे होतं?"

"तुम्ही बसलात तिथेच. खिडकीच्या डाव्या अंगाला."

मग ती आपणहून बोलू लागली. सासरे इथे यायला तयारच नव्हते. त्यांचं आणि तिच्या नवऱ्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. आताही 'हो' म्हणाले ते दुसरा इलाज नव्हता म्हणून. "एसी माझ्या डोक्यातून निघाला. म्हटलं, दोघेही तापट आहेत, निदान खोली तरी गार असू दे."

या खेपेला काटा दगडासारखा उभा राहिला. त्याने किल्लीने गॅस सोडला. नळीतून सुस्कारा टाकल्यासारखा बारीक आवाज गेला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. झाकणं घट्ट लावली, नळ्यांना पट्टी गुंडाळली. आतल्या डब्यात मगभर पाणी ओतलं, ते गॅलरीतल्या नळीतून टपटप बाहेर आलं. भोक लिंपलं. मशीन लावून झडपेशी थर्मामीटर धरला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि झडपेतून बारा अंशांचा झोत येत होता. चारला दहा कमी.

तो हत्यारं भरत असतानाच सासरे आले. मुलाने कोपराला धरलं होतं, पण दोघं दोन दिशांना बघत होते. त्यांना पलंगावर निजवलं. मुलगा पायांशी उभा राहिला. अर्धातास रिमोट कोणाच्या हातात द्यावा या पेचात उभा. शेवटी त्याने तो मुलाच्या हातात ठेवला.

थोड्या वेळाने सासरे छताकडे बघत म्हणाले, "जरा कमी कर रे. पायांना गार लागतंय."

मुलाने दोन बटणं दाबली आणि पायांवर चादर ओढली. सुनेने अर्धातासकडे बघून डोळे एवढे मोठे केले. तो पिशवी उचलून हळूच बाहेर पडला.

घरी आल्यावर त्याने चपला काढायच्या आतच बायकोला विचारलं, "आज मी कुठे गेलो होतो, ओळख."

ती मशीनवर होती. तिने ओळखलं नाही. त्याने सांगितल्यावर मशीनचं चाक तिने हाताने थांबवलं.

"खोली तशीच आहे?"

"भिंत पाडली मधली. तुझ्या मशीनच्या जागी पलंग आलाय. खिडकीच्या डाव्या अंगाला."

"उजव्या."

"अगं डाव्या. मी समोर बसलो होतो."

"तुम्ही समोर होतात म्हणून तुम्हाला डावं वाटलं. शिवत होते मी का तुम्ही?" ती म्हणाली, आणि पुन्हा चाक फिरवू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा घेत होता तर ही बाहेर जायचे कपडे घालून, पर्स काखेत मारून समोर उभी.

"त्या नळीतून पाणी नीट जातंय का बघायला जायचं असेल ना तुम्हाला?"

"पाणी चांगलं जातंय. बघितलं मी काल."

"अहो, बघायला काय होतंय?"

तिच्या गुडघ्यांमुळे तीन मजले चढायला बराच वेळ लागला. शेवटच्या पायरीला त्याने तिचा हात धरला. तरुण बाईने दार उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "याच ना त्या प्लगवाल्या?"

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो थेट गॅलरीत नळी बघायला निघून गेला. मागून दोघींचं हसणं ऐकू आलं. सासरे पलंगावर उशीला टेकून पेपर वाचत होते. बायको खोलीभर फिरली. एका फरशीवर थांबली, दुसरीवर थांबली. भिंतीला हात लावला. मग ती गॅलरीत आली. बाहेरचा डबा घुमत होता आणि गरम वारा अंगावर येत होता. ती कठड्यापाशी उभी राहून खाली रस्त्याकडे बघत राहिली.

"मी निघाले त्या दिवशी," ती म्हणाली, "खाली उतरून त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो ना आपण, तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही. हट्टाने नाही पाहिलं. मावशी इथे उभी होती का नव्हती, मला अजून माहीत नाही."

"होती," तो म्हणाला.

ती वळली.

"मी पाहिलं वळून. इथेच उभी होती, कठड्याला टेकून. हातात तुझी टेप होती, मोजायची. तू मशीनवर विसरली होतीस. हाक मारावी का मारू नये, असं चाललं असावं तिचं. मग आपण कोपऱ्यावरून वळलो."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!"

"मला वाटलं, तूही पाहिलंस. म्हटलं, बोलत नाही तर राहू दे."

तिने पदराने नाही, रुमालाने नाही, हाताच्या पालथ्या मुठीने डोळे पुसले, लहान मुलीसारखे. तो म्हणाला, "आत चल, इथे झळ लागतेय." ती म्हणाली, "राहू द्या थोडा वेळ." मग तोही तिथेच उभा राहिला. डबा त्यांच्या पायांशी घुमत होता, आणि आतून सासऱ्यांचा मुलाला काहीतरी वाचून दाखवण्याचा आवाज येत होता.

चहा घेऊन दोघं निघाली. तरुण बाईने बायकोकडून पडदे शिवून द्यायचं कबूल करून घेतलं, मापं बायको स्वतः येऊन घेणार असंही ठरलं. खाली रस्त्यावर आल्यावर बायको म्हणाली, "काय रंगाचं पोलकं घातलं होतं हो मावशीने तेव्हा?"

तो विचारात पडला. "निळं असेल."

"निळं ती कधी घालायची नाही. निळ्याने चेहरा काळवंडतो म्हणायची."

"मग हिरवं असेल."

"हिरवं?" तिने चालता चालता डोळे बारीक केले. "बारीक ठिपक्यांचं?"

"ठिपके होते," तो म्हणाला. ठिपक्यांचं त्याला खरंच आठवत होतं.

"ते मी शिवलं होतं," ती म्हणाली, आणि बसथांबा येईपर्यंत त्या पोलक्याचा गळा कसा कापला होता, कुठे कमी पडलं होतं, मावशीने किती नावं ठेवली होती, ते सगळं त्याला सांगत राहिली.